दोन पंप

पोळ्यानंतर डोमाजीच्या घरात दोन पंप झाले. एक जुना, पाठीवर घ्यायचा, निळ्या टाकीचा, ओसरीच्या खुंटीला टांगलेला. दुसरा नवा, मुठीत मावणारा, तुळसाबाईने कोनाड्यात बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी जपून ठेवलेला. गावात दोन्हींना पंपच म्हणत आणि दोन्हींतून जे निघे त्यालाही औषधच म्हणत. फरक एवढाच, की एका औषधाने कीड मरायची आणि दुसऱ्याने माणूस जगायचा. निदान आर्णीच्या डॉक्टरांचं तसं म्हणणं होतं. डोमाजीला मात्र ते काही केल्या पटत नव्हतं.

"पंपातलं औषध मानसानं तोंडात मारून घ्याचं, असं कुठी आयकलं काय तू?" तो बायकोला विचारायचा.

"डॉक्टर सांगते तं मारून घ्याचं," तुळसाबाई म्हणायची. "तुमाले का डॉक्टरपेक्षा जास्त समजते?"

दम्याने त्याला एकाएकी धरलं नव्हतं. आधी नुसता खोकला होता. मग चार पावलं चाललं की धाप. मग छातीत वाजायला लागलं, जत्रेतली पिपाणी कुणी हळूच फुंकावी तसं. तुळसाबाई शेजारच्या बाजेवर पडून ती पिपाणी ऐकत राहायची. वाजते म्हणजे माणूस आहे, असं स्वतःला समजवायची आणि कूस बदलायची. पोळ्याच्या दिवसांत एका सकाळी तो न्हाणीपाशी तोंड धुवायला बसला तो उठेचना. गुडघ्यांवर हात टेकून, मान पुढे काढून नुसता हवा मागत राहिला. तेव्हा आर्णी गाठली आणि हा दुसरा पंप घरात आला.

खरं सांगायचं तर पंप हा डोमाजीचा मानाचा विषय होता. गावात फवारणी सगळेच करत, पण डोमाजीसारखी कुणाला जमत नसे. निळी टाकी पाठीवर घेतली, डाव्या हाताने दांडा हलवायला लागला, की त्याचं पाऊल घड्याळासारखं पडायचं. त्याने मारलेल्या वावरात एक झाड कोरडं राहत नसे आणि एक झाड दोनदा ओलं होत नसे. बबनरावांसारखा दहा जणांना नावं ठेवणारा माणूससुद्धा पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कीड दिसली की आधी डोमाजीच्या ओसरीवर यायचा. आपल्या तीन एकरांचं करून डोमाजी इतरांची वावरं मारायचा, आणि तुळसाबाई त्याच्यामागे विहिरीवरून पाणी वाहायची. औषधात पाणी कालवायचं काम बाईचं, मारायचं काम माणसाचं, अशीच तिकडची वाटणी.

मग ते वर्ष आलं. फवाऱ्याचं औषध नाकातोंडात जाऊन जिल्हाभर फवारणी करणारी माणसं पटापट आडवी झाली. तांड्यावरचा किसनसिंग, डोमाजीचा जोडीदार, सकाळी हसत वावरात गेला आणि तिसऱ्या दिवशी यवतमाळहून गाडीत झाकून परत आला. त्या दिवसापासून तुळसाबाईने पाणी ओतून घरी जाणं सोडलं. नवरा पिकाच्या तासात शिरला की ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहायची आणि पदराचं टोक वर धरून वारा बघायची. पदर डोमाजीच्या दिशेने फडफडला, की ती सगळा जीव गळ्यात आणून ओरडायची, "दाबाऽऽ!"

दाबा म्हणजे दम दाबा. तोंड मिटा, छाती आवळा, आतलं आत राहू द्या, बाहेरचं आत येऊ देऊ नका. डोमाजी तसाच चार-सहा झाडं चालून जायचा. मग वारा फिरला की तिची दुसरी हाक यायची, "सोडाऽऽ!" बाया हसायच्या. म्हणायच्या, तुळसा नवऱ्याले बैलावानी हाकलते. हसोत. तिचा नवरा दर पावसाळ्यातून जिवंत बाहेर येत होता, आणि तो आपल्या हाकेमुळेच येतो याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तर असा हा माणूस, आणि त्याला आता पंप शिकवायचा होता.

शिकवणारी होती निशिगंधा, गावच्या आरोग्य उपकेंद्रावरची मॅडम. वणीची पोर. बाप कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्यामुळे छातीचं दुखणं तिला पहिल्यांदा पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. बोलायला मोकळी, पण कामात कडक. आर्णीच्या डॉक्टरांनी गर्दीत घाईघाईने काय सांगितलं ते तिने आधी विचारून घेतलं, आणि मग कपाटातून शिकवायचा रिकामा पंप काढला.

"काका, ह्याच्यात काही नाही. बिनधास्त तोंडात धरा. आधी खालीवर हलवायचं. मग छातीतला सगळा श्वास बाहेर सोडायचा. मग तोंडात धरायचं, ओठ गच्च. आता हळूहळू श्वास आत ओढायला लागायचं, आणि ओढता ओढताच वरून दाबायचं. ओढणं थांबवायचं नाही. छाती भरली की मनात दहापर्यंत आकडे म्हणा आणि मग सोडा. शेवटी चूळ भरायची. जमेल ना?"

डोमाजीने केलं. रिकाम्या पंपाने नुसतं टिक केलं. त्याचा श्वास हळूहळू आत गेला, छाती भरली, थांबली, सुटली.

"वा! एकदम बरोबर. माझ्याकडे येणारे चार-चार वेळा चुकतात."

मिशीतल्या मिशीत हसत डोमाजीने बायकोकडे बघितलं. पंप कुठलाही असो, आपल्याला जमणारच, असं त्या बघण्यात होतं.

"घरी कोण लक्ष देईल?" निशिगंधाने विचारलं.

"मी हावो ना," तुळसाबाई म्हणाली. वाटेने ती शिकलेलं घोकत आली. हलवा, सोडा, धरा, दाबा. हलवा, सोडा, धरा, दाबा. चार शब्द तिने पदराच्या गाठीत बांधल्यासारखे घरी आणले. ओढा तेवढा वाटेत कुठे गळला ते तिला कळलंच नाही. श्वास काय, माणूस घेतोच, त्यात सांगायचं काय? आणि दाबा या शब्दाला तर तिच्याकडे केव्हाचीच जागा होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ओसरीवर तो कार्यक्रम सुरू झाला. डोमाजी उंबऱ्याला पाठ लावून बसायचा. तुळसाबाई समोर उभी.

"हलवा."

तो हलवायचा.

"सोडा. धरा." आणि मग वावरातल्याच गळ्याने, "दाबाऽऽ!"

पंप फुस्स करायचा. डोमाजी गाल ताठ करून, डोळे बारीक करून बसून राहायचा. जरा वेळाने त्याच्या ओठांच्या फटीतून पांढुरकी वाफ निघून उन्हात विरायची. ती वाफ बघून तुळसाबाईला बरं वाटायचं. तिला वाटायचं, औषध आत जाऊन काम करून बाहेर आलं.

दिवस जात होते आणि पिपाणी थांबत नव्हती. उलट चढतच होती. पावसाने उघडीप दिली होती आणि उमस अशी, की बसल्या जागी अंगाला पाणी सुटावं. पऱ्हाटी फुलावर आलेली. पानं उलटून पाहिली तर खाली माव्याची कीड बसलेली, शेंडे आकसलेले. तुळसाबाई सकाळी दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, दुपारून आपल्या. कंबर मोडायची, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते धुऱ्यावर बसलेल्या नवऱ्याकडे बघून. तो हातात विळा घेऊन बसायचा, जवळचं चार काड्या गवत कापायचा आणि थांबायचा. गवत कापताना माणसाला थांबावं लागतं, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

एक दिवस बबनराव गाडीवरून आले. मागे उकंडा बसलेला, पाठीवर बॅटरीवर चालणारा नवा पंप. उकंडा डोमाजीच्याच हाताखाली फवारणी शिकलेला. त्याने गाडीवरून उतरताना मान खाली घातली.

"यंदा उकंड्याले सांगतलं बा," बबनराव म्हणाले. "तुह्यी तब्येत पायतो ना मी. तू असं कर डोमाजी, माह्या तुरीत रोही चराले येऊन राह्यले. तू धुऱ्यावर बसून हाकलत जाय."

"हाकलाले आवाज पायजे," डोमाजी म्हणाला. एवढं बोलतानाही तो मध्ये थांबला.

बबनरावांनी गाडीच्या डिकीतून तेलाचा रिकामा डबा काढला आणि एक काडी. "हे घे. डबा वाजवाले छाती लागत नाई."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हीच तर अडचण होती. शिवी दिली असती तर डोमाजीला परत देता आली असती. त्याने डबा घेतला. ती सगळी दुपार तुळसाबाईला आपल्या वावरातून टणटण ऐकू येत होती आणि प्रत्येक टणत्काराला तिचं खुरपं थांबत होतं.

संध्याकाळी ढाणकीहून उर्वशीचा, लेकीचा, फोन आला. तिच्या सासूचं म्हणणं, पंपाची सवय लागते, एकदा तोंडाला लागला की सरणावरच सुटतो. तुळसाबाई "हो हो" म्हणाली, पण फोनचा आवाज मोठा होता आणि डोमाजीने सगळं ऐकलं होतं.

"उद्यापासून बंद," तो म्हणाला.

"कायले बंद? मॅडमनं सांगतलं..."

"मॅडमचं राहू दे. इतके दिस मारून घेतलं, पडला काय फरक? तूच सांग. पिपानी आयकतं ना तू रोज?" तो दम घ्यायला थांबला. "मावा पाह्यला ना? उद्या मी माह्या पंपानं माह्यं वावर मारतो. त्या पंपाले मी समजतो अन् मले थो समजते."

तुळसाबाईने खूप आदळआपट केली. पण ज्याने दिवसभर डबा वाजवला आहे त्याच्याशी किती भांडायचं? सकाळी तो निळी टाकी घेऊन निघाला, तशी तीही लहान पंप कंबरेला खोचून बादली घेऊन मागे निघाली.

पहिलं तास त्याने केलं. पाऊल घड्याळासारखंच पडत होतं, पण घड्याळ मंद झालेलं. तुळसाबाई पदराचं टोक वर धरून उभी होती. दुसऱ्या तासाच्या मध्यावर वारा फिरला. ती ओरडली, "दाबाऽऽ!" त्याने दम दाबला. दाबला तो सुटेचना. ती "सोडा, सोडा" ओरडत धावली तोवर तो टाकीसकट पऱ्हाटीत बसला होता. मान पुढे, डोळे बाहेर, ओठ जांभळाच्या रंगाचे.

तिने पट्टे सोडवून टाकी बाजूला ढकलली. पदराने त्याचं तोंड पुसलं. कंबरेचा पंप काढून त्याच्या तोंडात कोंबला. "दाबा! अहो दाबा!" फुस्स. पांढरी वाफ आली तशी गेली. "दाबाऽऽ!" पुन्हा फुस्स. पुन्हा वाफ. ती ओरडत होती आणि तो तिच्या शब्दाबरहुकूम दाबत होता, आणि प्रत्येक वेळी डोळे आणखी बाहेर येत होते. पलीकडच्या वावरातून उकंडा आणि बबनराव पळत आले. दोघांच्या मध्ये त्याला गाडीवर बसवला, उकंड्याने मागून मिठी मारून धरला आणि गाडी आर्णीकडे सुटली. तुळसाबाई रस्त्यावर जी ऑटो दिसली तिच्यात बसून मागे गेली.

ती पोचली तेव्हा डोमाजीच्या नाकातोंडावर वाफेचा मास्क होता. मशीन घरघरत होतं. वाफ गुपचूप येत होती, फुस्स नाही, फवारा नाही, आणि तो लहान पोरासारखा शांतपणे ती आत घेत होता. छाती हळूहळू सैल झाली. तिने भिंतीला टेकून दोन आसवं गाळली.

डॉक्टर मात्र चिडले होते. "पंप दिला होता ना? घेतच नाहीत तुम्ही लोक."

"घेते जी," तुळसाबाई म्हणाली. "दोन टाइम. मी सोता उभी राहून देतो."

"घेतला असता तर ही वेळ आली नसती. कशाला खोटं बोलता, बाई? एक सांगून ठेवतो. अशी अवस्था पुन्हा झाली तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळणार नाही."

रांगेतली माणसं वळून बघत होती. तिने आयुष्यात बऱ्याच गोष्टी ऐकून घेतल्या होत्या. पण ज्या कामाला ती एक वेळ चुकली नव्हती त्याच कामात खोटी ठरणं तिला सोसवेना. तिने पदर तोंडावर घेतला आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. डॉक्टर खोटं बोलत नव्हते, तीही बोलत नव्हती. मग औषध गेलं कुठे?

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी निशिगंधाने विचारला. ती स्कूटीवरून आली तीच जरा फुरंगटून. आपण शिकवलेल्या माणसाला गाडीवर लादून न्यावं लागतं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. आल्या आल्या तिने पिशवीतला रिकामा पंप काढून डोमाजीच्या हातात दिला. त्याने केलं. पुन्हा एकदम बरोबर. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने कोनाड्यातला त्याचा पंप घेतला आणि मागे औषध किती उरलंय ते दाखवणारा आकडा पाहिला.

"संपत आलाय," ती म्हणाली. "म्हणजे घेता तर खरं."

"मी का खोटं बोलतो?" तुळसाबाईचा आवाज फाटला. "थ्या डॉक्टरनं लोकाइपुढं मले खोटी केली."

"खोट्या नाही तुम्ही, काकू. पण औषध छातीत गेलेलं नाही. काका, आता ह्या खऱ्या पंपाने घ्या. रोज घेता तसंच. काकू, तुम्हीही रोज उभ्या राहता तशाच राहा. मी इथं नाहीच असं समजा."

डोमाजी उंबऱ्याला टेकून बसला. तुळसाबाई समोर उभी राहिली. हलवा. सोडा. धरा. "दाबाऽऽ!"

फुस्स. आणि जरा वेळाने, सकाळच्या उन्हात, ओठांच्या फटीतून ती पांढुरकी वाफ.

"थांबा," निशिगंधा म्हणाली. "काका, तुम्ही श्वास घेतलाच नाही."

"घेतला ना."

"पुन्हा एकदा." आता तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. तुळसाबाईने हाक दिली, पंपाने फुस्स केलं, आणि निशिगंधाच्या हाताखाली ती छाती दगडासारखी जागच्या जागी थिजली. "हे काय? थांबता काहून?"

"मी कुठी थांबतो, बाई?" डोमाजी गोंधळून म्हणाला. "थो आपोआपच थांबते."

"रिकाम्या पंपावर नाही थांबत. ह्याच्यावरच कसा थांबतो?"

तुळसाबाईची नजर खुंटीकडे गेली. रिकाम्या खुंटीकडे, कारण निळी टाकी अजून वावरात, पऱ्हाटीतच पडली होती. नोझलचं फुस्स, वर धरलेला पदर, आपला गळा, आणि चार-सहा झाडं तोंड मिटून चालणारा नवरा. वर्षानुवर्षं. ती उंबऱ्यापाशी खाली बसली.

"मीच थांबवला, माय," ती म्हणाली. "मीच शिकवलं त्याहिले. पंप फुसकारला का दम दाबाचा. औषध आत नाई घ्याचं. मीच ओरडू ओरडू शिकवलं." आणि ती रडायला लागली, चांगली हुंदके देऊन. "काल थे वावरात मरून राह्यले व्हते, अन् मी म्हनून राह्यली व्हती, दाबा, दाबा. माह्याच हातानं मारत व्हती मी त्याहिले."

डोमाजी कावराबावरा झाला. बायको रडली की त्याला काय करावं ते कधीच सुचलं नव्हतं. "रडू नोको वं," तो म्हणाला. "दाबला म्हनून तं जिवंत हावो इतके साल. किसनसिंगले कोनी सांगनारं नव्हतं."

निशिगंधाला सगळं उलगडून सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "मीही वेडीच. रिकाम्या पंपावर शिकवलं. त्याच्यात फुस्स कुठं होतं?" मग ती तुळसाबाईजवळ खाली बसली. "काकू, ऐका. तुमचा दाबा चुकीचा नाही. दम दाबायचाच आहे. पण आधी ओढायचं, मग दाबायचं. तुमचा दाबा फक्त आधी आला."

हे समजणं सोपं, पण छातीला समजावणं अवघड होतं. डोमाजीने दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा फुस्स झालं की कुलूप. तिसऱ्यांदा निशिगंधाने पंप काढूनच घेतला. "असं नाही व्हायचं. वाया जातंय. पाण्याची प्लास्टिकची बाटली आहे का?"

बाटली म्हटल्याबरोबर तुळसाबाई डोळे पुसत उठली आणि मोरीमागून एक छान पांढरी बाटली घेऊन आली. झाकणवाली, जाड, राखेने घासून चकचकीत केलेली.

निशिगंधाने ती वास घ्यायला नाकाशी नेली आणि ती किंचाळलीच. "काकू! ही फवारणीच्या औषधाची आहे!"

"घासली ना मी. तीनदा घासली."

"शंभरदा घासली तरी नाही! फेकू नका, तिला भोकं पाडून जमिनीत पुरा. पाण्याची बाटली म्हणतेय मी, पिण्याच्या पाण्याची."

डोमाजीला हसू आलं. हसता हसता खोकला आला. पण हसला. शेवटी शेजारच्या लग्नातून आलेली पाण्याची बाटली सापडली. तुळसाबाईने विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि निशिगंधाने दाखवलं तसं बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं. प्लास्टिकचा वास गेल्यावर, धुऊन झाल्यावर, पंप बुडात घट्ट बसवला. बाटलीचं तोंड डोमाजीच्या तोंडात.

"आता पंप तुमच्या तोंडात नाही फवारत, काका. बाटलीत फवारतो. दम थांबला तर घाबरायचं नाही, औषध क्षणभर बाटलीत थांबतं. फक्त लगेच आत ओढायचं. काकू, तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाही ती छाती, तुमचं ऐकते."

तुळसाबाई समोर उभी राहिली. हलवा, सोडा, धरा, इथपर्यंत झालं. निशिगंधाने वरून दाबलं. फुस्स. डोमाजीची छाती थिजली. बाटलीत पांढरं धुकं उभं राहिलं.

"दा..." तुळसाबाईच्या तोंडातून निघालं आणि तिने जीभ चावली. मग विहिरीवर दोर हातात देताना म्हणावं तसं, हलक्या आवाजात ती म्हणाली, "ओढा."

तो तिच्याकडे बघत होता. काहीच होईना.

"ओढा ना. ह्याच्यात इख नाई. मी सांगतो ना तुमाले. ओढा."

बाटलीतलं धुकं हललं. हळूच त्याच्या तोंडाकडे सरकलं आणि गेलं. बाटली स्वच्छ झाली.

"आता," निशिगंधा कुजबुजली.

"दाबाऽऽ," तुळसाबाई म्हणाली. किती दिवसांनी तिला तो शब्द गोड लागला. त्याने दाबला. ती मनात आकडे म्हणत गेली, आकडे तिला येत होते तेवढे. "सोडा."

त्याने सोडला. तिने उन्हात डोळे ताणून बघितलं. बाहेर काहीच आलं नाही.

"चूळ भरा," निशिगंधा म्हणाली. "आणि काका, ती निळी टाकी आता पाठीवर घ्यायची नाही. कधीच नाही."

डोमाजीने तोंडात पाणी घेतलं होतं म्हणून त्याला उत्तर देता आलं नाही. त्याने ते बराच वेळ तोंडातच खळखळवलं.

सगळं काही एका दिवसात झालं नाही. पहिले काही दिवस छाती अडायचीच. कधी तुळसाबाईच चुकायची आणि मग दोघं एकमेकांवर खेकसायची. निशिगंधा येता-जाता ओसरीवर थांबायची, पुन्हा करायला लावायची. पण हळूहळू धाप उतरली. डोमाजी विळा घेऊन बसला की धुऱ्याच्या या टोकाचा त्या टोकाला दिसायला लागला. वावरातला मावा मारला तो उकंड्याने. निळी टाकी वावरातून आणून डोमाजीने धुतली, पुसली आणि खुंटीला टांगली. तिच्याकडे बघताना त्याला आतून तुटायचं, आणि ते तो लपवतही नव्हता.

पऱ्हाटीची बोंडं उकलायला लागली आणि बबनरावांची तूर फुलावर आली, तेव्हा ते पुन्हा गाडीवरून आले. या वेळी डबा आणला नव्हता. "उकंडा घाईत मारते बुवा," ते म्हणाले. "झाडं सुटतात. तू जरा धुऱ्यावरून पाऊल सांगत जाय त्याले. वाऱ्याच्या वरच्या अंगानं बस."

म्हणून त्या सकाळी डोमाजी धुऱ्यावर उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून. "हळू, उकंडा. पाय आवर," असं ओरडत होता, आणि ते ओरडणं तांड्यापर्यंत जात होतं. बाजूच्या वावरात तुळसाबाई कापूस वेचत होती. ओटीत कापूस भरला तशी ती पाठ सरळ करायला धुऱ्यावर आली, आणि सवयीने तिने पदराचं टोक वर धरलं.

पदर फडफडला आणि एकाएकी उलटा वळला. वारा फिरला होता.

तुळसाबाई ओरडली, "दाब रे उकंडा! दाबाऽऽ!"

उकंड्याने तोंडावरचा रुमाल दाबला आणि पाय उचलला. तुळसाबाईनेही दम दाबला. शेजारी डोमाजीनेही. दोघं हात धरून धुऱ्यावरून भराभरा पलीकडे चालत गेली, तोंड मिटून. मागे तुरीवरून औषधाचा वास सरकत गेला, पातळ झाला, नाहीसा झाला. तिने पदर पुन्हा वर धरून खात्री केली. मग बघते तर डोमाजी अजून तसाच, गाल ताठ, डोळे बारीक, तोंड लालबुंद.

"अहो, गेला वारा," तिने त्याला कोपरखळी मारली. "ओढा आता."

त्याने ओढला. सावकाश, छातीच्या तळापर्यंत, वावर भरून ओढला, आणि सोडला. तुळसाबाई ओटी धरून निश्चल उभी राहिली.

"काय आयकून राह्यली?" त्याने विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. खरंच, काही वाजत नव्हतं.